गाव पाहायला जाणारे मेश्राम काका

रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या जिन्यात अत्तराचा वास आला, की समजायचं मेश्राम काका गाव पाहायला निघाले. लोक मुलगी पाहायला जातात, तसे काका गाव पाहायला जातात. तयारी तीच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत बूट, स्कूटरच्या डिकीत पेढ्यांचा डबा. दुपारी परत येतात ते नकार देऊनच.

काका इंदिरा नगरात आमच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, भाड्याने राहतात. मूळचे आमच्यासारखेच वर्धा जिल्ह्यातले, आमच्यातलेच, बौद्ध. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नलखात्यात लखनौला गेली आणि मुलगा इथलाच होऊन गेला. आई मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो. रिटायर झाल्यापासून काकांना एकच ध्यास आहे. आसपासच्या एखाद्या लहान गावात बैठं घर विकत घ्यायचं आणि तिथे राहायचं. सहा वर्षं झाली. घर काही मिळत नाही, कारण काकांना गाव पसंत पडत नाही.

"लाइन क्लिअर नाही," असं म्हणत ते बूट काढतात.

"आज कोणतं गाव नापास करून आले?" काकू विचारतात.

"चिनहटच्या पुढचं. तिथले कुत्रे आळशी आहेत. चोर आला तर शेपूट हलवतील."

त्याच्या आधीच्या गावात कोंबडे दहा वाजता आरवत होते. "वेळापत्रकच नाही!" काका चिडून म्हणाले होते.

"काहो, तुम्हाला गाव पाहिजे की स्टेशन?" काकू म्हणाल्या, आणि मी तोंडाला पदर लावून हसले. मी फारशी बोलत नाही. त्यामुळे मी बसलेली आहे हे लोक विसरतात आणि भांडणं मला फुकटात ऐकायला मिळतात.

गावाबद्दल मात्र काकांना सगळं माहीत झालं आहे. पेढे वाटण्याआधी ते गावातल्या दुकानातून काहीतरी विकत घेतात. दुकान कळलं की गाव कळतं म्हणे. "साबण मागितला तर 'कल आएगा'. चहापत्ती मागितली तर 'कल आएगा'. गुटखा मात्र आजच आहे, चार रंगांत." डोकेदुखीची गोळी मिळते, तीच पोटदुखीलाही देतात. ताजी भाजी म्हणाल तर गावची भेंडी पहाटेच टेम्पोत बसून आमच्या बाजारात येते. गावातल्या बाईला भेंडी खायची असेल तर तिने शहरातून परत आलेली, सुकलेली घ्यायची. दुधाचं तेच. म्हैस दारात आणि चहाला पिशवीचं दूध. घरं दाखवणारा दलाल म्हणतो, "शांति ही शांति है, बाबूजी!" आणि हे त्याला पिठाच्या गिरणीच्या आवाजावर ओरडून सांगावं लागतं.

आमचे हे म्हणायचे, "काकांना घर नाही घ्यायचं. रविवार काढायचा आहे." मलाही तसंच वाटायचं. राग यायचा तो काकूंसाठी. काकूंचे गुडघे गेलेले आहेत. तीन जिने उतरायचे म्हणजे त्यांना धडकी भरते. दवाखाना सोडला तर वर्षभरात त्या खाली आलेल्या नाहीत. कढीपत्ता लावला आहे तो बाल्कनीतल्या रंगाच्या डब्यात. पाय पुरते बसायच्या आत एकदा जमिनीवर राहायला जायचं, एवढंच त्यांचं मागणं आहे. आणि हा माणूस कोंबड्यांची वेळ बघत बसलेला!

शेवटी मे महिन्यात काकूंनीच जाहीर केलं, "ह्या वेळी मी येणार. नापास करायचं तर माझ्यासमोर करा."

"तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत ना? मी बघीन."

काका इतके घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. ऊन आहे म्हणाले, रस्ता खराब आहे म्हणाले, गाडी मिळणार नाही म्हणाले. काकूंनी आमच्या ह्यांच्याकडून गाडी ठरवून घेतली आणि हात धरायला मला सोबत घेतलं. प्रत्येक मजल्यावर बसत बसत त्या उतरल्या.

घर चांगलं होतं. दोन खोल्या, ओसरी, अंगणात हातपंप आणि लिंबाचं झाड. एकही पायरी नाही. काकूंनी चपला काढल्या आणि तापलेल्या मातीत तशाच उभ्या राहिल्या. "इथे कढीपत्ता. तिकडे मिरच्या. इथे बाज टाकायची." मग मला घेऊन आत गेल्या आणि ओटा कुठे येईल ते वितीने मोजायला लागल्या. त्यांची काठी ओसरीच्या दाराशी राहिली होती. ती आणायला मी बाहेर आले.

घराचे मालक खाटेवर बसले होते. म्हातारे, फार अदबीचे. "तशरीफ रखिए" म्हणून त्यांनी काकांना खुर्ची दिली, आत चहा सांगितला, पेढा हातात घेतला.

"वैसे आप लोग कौन हैं?" त्यांनी विचारलं.

"रेलवे से रिटायर हूँ," काका म्हणाले.

"वो तो बहुत अच्छा। मगर हैं कौन?"

"महाराष्ट्र के हैं।"

"जी, महाराष्ट्र में कौन?"

ते काय विचारत होते ते मला आपोआप समजलं. जात विचारत होते. काकांनी शर्टाची बाही सरळ केली. "बौद्ध हैं," ते म्हणाले. आवाज अगदी सरळ होता. सवयीचा.

"अच्छा, अच्छा।" म्हाताऱ्याने हातातला पेढा हळूच डब्यात परत ठेवला. "देखिए, लड़के से पूछना पड़ेगा। उसका मन शायद बेचने का है नहीं।"

लखनौकडची माणसं नाहीसुद्धा इतकी गोड म्हणतात की आपणच आभार मानून उठतो. काकाही तसेच उठले. चहा काही आला नाही.

मी काठी घेऊन दारातच उभी होते. सहा वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांसमोरून गेले. काका एकाही गावाला नाही म्हणाले नव्हते. दर रविवारी एकटे जाऊन हा प्रश्न ते स्वतः ऐकत होते आणि काकूंसाठी कुत्रे, कोंबडे घेऊन परत येत होते. त्यांनी मला पाहिलं. मग माझ्या शेजारून आत गेले.

"राहुलची आई," ते म्हणाले, "हे घर नको. भिंतीला ओल आहे."

मे महिना. विहिरीसुद्धा आटलेल्या. काकूंची वीत भिंतीवरच थांबली.

"ओल? कुठे आहे?"

काकांना बोट दाखवायला जागा सापडेना. मग मीच बोलले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"आहे काकू. मी हात लावून पाहिला. ह्या बाजूला पार खालपर्यंत आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. सावकाश त्या भिंतीपाशी गेल्या आणि मी दाखवलेल्या जागेवर पूर्ण तळवा टेकवला. हात काढला तेव्हा तळव्याला कोरडा चुना लागला होता. तो त्यांनी पदराला पुसला.

"होय," त्या म्हणाल्या, "चांगलीच ओल आहे. चला जी, इथे नाही राहायचं आपल्याला."