नामदेवरावांचं बोर्ड

आमच्या शेजारच्या नामदेवरावांना कुठलंही यंत्र चालताना पाहण्यात काडीचा रस नाही. त्यांना ते थांबताना पाहायचं असतं. आम्ही नवा मिक्सर घेतला, तर चटणी चाखायची सोडून त्यांनी विचारलं, "बंद केल्यावर कितीक येळ फिरते?"

असे हे गृहस्थ तीन वर्षांपासून एक मशीन चालवायला तळहाताएवढं कॉम्प्युटर बोर्ड शोधताहेत. मशीन मागच्या खोलीत. तिथे कुणाला प्रवेश नाही. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, हे माझं पूर्वजन्मीचं पाप. दर रविवारी ते नवं बोर्ड घेऊन हजर! पहिलं बोर्ड हुकूम मिळाल्यावर विचार करत बसतं, दुसरं नागपूरच्या मे महिन्यात तापून झोपतं, तिसऱ्यावर सिनेमा झकास दिसतो.

"सिनेमा पाह्याले घेतलं का गा मी?" माझ्यावरच डाफरले, जसं काही ते मीच बनवलं होतं. मुलीसाठी स्थळ पाहणारा बापसुद्धा एवढी खोट काढत नाही.

गेल्या रविवारी वायर धरायला माणूस हवा होता, म्हणून मला त्या खोलीत प्रवेश मिळाला. आत चक्क हातमाग! त्यांच्या बायकोचा, इंदूकाकूंचा, उमरेडहून आणलेला. अर्धांगाचा झटका आल्यापासून काकूंचा डावा हात उशिरा उठतो. तेव्हापासून विणणं बंद. नामदेवरावांनी मागाला मोटर बसवली होती. पण धागा ठोकून बसवणारी मागाची फणी जोरात पुढे येते. तुटलेला धागा सांधताना काकूंचा हात वेळेवर निघाला नाही तर? म्हणून उजव्या हाताशी थांबवायचं बटण, आणि ते दाबताच मोटर थांबवणारं बोर्ड.

नामदेवरावांनी फणीसमोर स्वतःचा हात ठेवला आणि बटण दाबलं. फणी बोटांच्या अलीकडेच थांबली. मी टाळ्या वाजवल्या.

"अजून एक बोर्ड पाह्यतो," ते म्हणाले.

दारातून काकू म्हणाल्या, "अवो, तीन वर्सं झाले. मले बसू द्या ना आता."

माझी थट्टा तिथेच विरली. माणूस नुसता घाबरला होता.

काकू बसल्या. माग सुरू झाला.

"बटन दाबून पाह्य वं एकडाव!"

"काहून दाबू? बरा चालून राहिला ना," काकू म्हणाल्या आणि विणत राहिल्या.

नामदेवराव मेन स्विचवर हात ठेवून उभे. मी घरी जाऊन जेवून परत आलो, तरी तसेच होते. दुसऱ्या हाताने तेवढे डोळे पुसत होते.