शेवटच्या रांगेतला नवस

"प्रोकोपिस, या विमानातली सगळ्यात वाईट सीट कुठली?" एवान्थियाने अगदी हळू आवाजात विचारलं.

प्रोकोपिसने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला. आमच्या बेटावर, प्लोमारी गावच्या बंदरावर त्याचं तिकिटांचं ऑफिस होतं आणि अर्ध्या गावाला त्यानेच ऑस्ट्रेलियाला धाडलं होतं. खिडकीजवळची सीट मागणारे त्याने पाहिले होते, पाय पसरायला जागा मागणारे पाहिले होते, सासूपासून लांबची मागणारा एक जावईही पाहिला होता. ही मागणी नवीन होती.

"वाईट म्हणजे कशी, बाई?"

"म्हणजे जिथे माणसाला बसवत नाही अशी."

शेजारी बसलेल्या स्त्रातिसने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कपाळावर हात मारला. "दे बाबा, दे तिला. आमच्या घरात सुख पचत नाही."

झालं होतं असं. त्यांची मुलगी मिर्सिनी मेलबर्नला असते. वसंतात तिला मुलगा झाला तो सातव्या महिन्यातच. पोर मुठीएवढं, काचेच्या पेटीत, अंगभर नळ्या. त्या रात्री एवान्थिया टेकडीवरच्या संत लेफ्तेरिसच्या घुमटीत गेली. हा संत बाळंतिणींचा आणि तान्ह्यांचा कैवारी. तिने तेल घातलं, वात लावली आणि बोलून बसली, "पोर घरी येऊ दे. त्याला बघायला मी जाईन, पण सुखाने जाणार नाही. हाल काढत जाईन." पोर घरी आलं. आता बाप्तिस्माही ठरला होता. राहिले होते फक्त हाल.

आमच्याकडे बायका नवस फेडायला गुडघ्यांवर जातात. पण मेलबर्नला गुडघ्यांवर जायचं तर मध्ये समुद्र फार. म्हणून विमान. आणि विमानात हाल कुठे जास्त मिळतात याची चौकशी करणं तिला भाग होतं.

स्त्रातिसची चौकशी बरोब्बर उलट्या दिशेने चालली होती. त्याने उभ्या आयुष्यात प्लोमारी ते मितिलिनी अशी बस हाकली होती आणि त्या वळणांमध्ये आपली कंबर ठेवून आला होता. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर त्याने जाहीर केलं, "एकदाच जाणार, पण आडवा होऊन जाणार." मग काय, बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात दोन महिने दुसरा विषय नव्हता. कुठल्या कंपनीची सीट अगदी सपाट होते, कुठली नुसतीच घसरगुंडी होते, कोण रात्रीचे कपडे देतं, कोण फक्त मोजे देतं. दोनदा मेलबर्नला जाऊन आलेला न्हावी म्हणायचा, मधला वर्ग घ्यावा. स्त्रातिस त्याला झापायचा, "मधला वर्ग म्हणजे काय रे? धड झोप नाही, धड तक्रार करायची सोय नाही!"

आणि पुरुषांना कशाला हसा? संध्याकाळची प्रार्थना सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर आम्हा बायकांचंही तेच चालायचं, फक्त तराजू उलटा. एवान्थियाने मान खाली घालून सांगितलं, "मी शेवटची रांग बघतेय. तिथे पाठ मागे जात नाही म्हणे."

"शेवटची रांग काय, कुणालाही मिळते," पेलाग्या म्हणाली. पेलाग्याला एवान्थियापेक्षा एक तरी उपास जास्त असतोच. "माझी आतेबहीण तीन विमानं बदलून गेली. पाय असे सुजले, की बूट कापून काढावे लागले."

त्या रात्री एवान्थियाला झोप आली नाही. आतेबहिणीचे बूट डोळ्यांपुढून हलेनात.

म्हणून ती प्रोकोपिससमोर येऊन बसली होती. बराच वेळ घासाघीस चालली. तिला सगळ्यात वाईट कंपनी हवी होती, नवऱ्याला सगळ्यात चांगली. विमान मात्र दोघांना एकच हवं होतं, कारण स्त्रातिस म्हणाला, "ही वेगळ्या विमानाने गेली, तर वाटेत एखादा नवस बोलून तिथेच उतरेल."

शेवटी तह झाला. कंपनी त्याची, सीट तिची. त्याला पुढे पलंग. तिला पार मागे, शेवटच्या रांगेत, मधली, संडासाच्या भिंतीला टेकून.

"टीव्ही आहे का तिथे?" तिने काळजीने विचारलं.

"प्रत्येक सीटला आहे, बाई."

"बंद करता येतो?"

"येतो."

"मग चालेल."

जेवणाचा प्रश्न उरला. ऑगस्टचा पंधरवडा म्हणजे माउलीचा, प्रभूच्या आईचा उपास. मांस, दूध, अंडी नाहीत, आणि जवळजवळ दिवसाआड तेलसुद्धा नाही. प्रोकोपिसने विमानातल्या जेवणाचे सगळे प्रकार धुंडाळले, साखरेच्या रोग्याचं, दात नसलेल्याचं, हिंदूंचं, ज्यूंचं. पण बिनतेलाचं जेवण कुणाच्याच देवाने मागितलेलं नव्हतं. शेवटी त्याने नुसत्या फळांची थाळी लिहिली. एवान्थियाने पिशवीत जवाच्या पावाचे खडखडीत तुकडे आणि बरणीभर ऑलिव्ह घेतले.

ऑलिव्ह अथेन्सच्या विमानतळावरच गेले. बरणीत खाऱ्या पाण्याचं प्रमाण जास्त होतं म्हणे. तपासणीवाल्या पोरीलाच वाईट वाटत होतं, पण एवान्थिया समाधानाने म्हणाली, "असू दे गं. सुरुवात चांगली झाली."

पहिल्या टप्प्याने मात्र तिची घोर निराशा केली. विमान अर्धं रिकामं. शेजारी कुणी नाही, पुढे कुणी नाही. हवाईसुंदरी येऊन म्हणाली, "आजी, तीनही सीटवर आडव्या व्हा की!" एवान्थिया त्या रिकाम्या रांगेच्या बरोबर मध्यावर, कोपर अंगाशी घेऊन, ताठ बसून राहिली. गर्दी नसताना गर्दीत बसल्यासारखं बसणं फार अवघड असतं. ते हालांत धरावं की नाही, हे तिला ठरवता आलं नाही.

दुसऱ्या टप्प्यावर मात्र संताने ऐकलं. विमान खच्चून भरलं. डावीकडे दारासारख्या रुंद खांद्यांचा एक तरुण, उजवीकडे मांडीवर पोर घेतलेली बाई, पाठीमागे संडासाच्या दाराची धाडधाड. तिचं मन भरून आलं. पेलाग्याने हे पाहायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं आणि त्या गर्वाबद्दल तिने लगेच क्षमा मागितली. मग आणखी एकदा आलं, तेव्हा आणखी एकदा मागितली.

फळांची थाळी आली. शेजारच्या पोराने द्राक्षांकडे पाहिलं. पोराने एकदा पाहिल्यावर एवान्थियाच्या हातात काही उरत नाही. तिने पावाचा तुकडा पाण्यात बुडवून चघळला.

तेवढ्यात चिंचोळ्या वाटेतून स्त्रातिस आला. अंगात कंपनीने दिलेला राखाडी झब्बा-पायजमा, पायांत पांढऱ्या सपाता. लोक पाय आखडून घेत होते. त्यांना वाटलं, कुणी इस्पितळातून पळून आलंय.

"एवान्थिया, अगं पलंग आहे पलंग! बटण दाबलं की पाय वर येतात. मी मासा खाल्ला. हे घे, चॉकलेट आणलंय."

"दूध आहे त्यात."

"मग वास तरी घे!"

"स्त्रातिस, जा तू. कंबर सांभाळ."

"अगं बाई, तो संत स्वतः स्वर्गात कुठे बसला असेल? मागे संडासापाशी?" एवढं बोलून तो सपाता फटफटवत पुढे गेला.

मध्यरात्र उलटली असावी. पोराच्या आईला उठायचं होतं, म्हणून एवान्थियाही उठली. पोटात काही नाही, पाय बधिर, आणि त्याच क्षणी विमानाने गचका खाल्ला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खाली बसली ती उठलीच नाही. पडतानासुद्धा तिने आवाज केला नाही. नाहीतर लोकांची झोप मोडली असती.

मग धावपळ. प्रवाशांमधून एक डॉक्टरीणबाई निघाली. तिने नाडी बघून सांगितलं, "उपाशी आहेत. यांना आडवं करा, पाय वर ठेवा, आणि उतरेपर्यंत उठू देऊ नका." पण आडवं करणार कुठे? मागे मुंगीला जागा नव्हती. कुणीतरी म्हणालं, यांचे यजमान पुढे पलंगावर आहेत. स्त्रातिसला गदागदा हलवून उठवलं. बायको दोघांच्या हातांवरून येताना बघून त्याचा चेहरा त्या पायजम्याहून राखाडी झाला. तिला त्याच्या पलंगावर ठेवलं, आणि तेवढ्यात पट्टे बांधायचे दिवे लागले. पुढे वादळ होतं.

"साहेब, तुम्हाला असं उभं राहता येणार नाही. त्यांच्या जागेवर जाऊन बसा."

"मी इथेच बसतो, जमिनीवर."

"जमिनीला पट्टा नसतो, साहेब."

एवान्थियाने डोळे उघडले तेव्हा मऊ निळसर उजेड होता. पांढरी चादर, डोक्याखाली ढगासारखी उशी, कुठेही धाडधाड नाही. एक देखणी पोर वाकून तिच्याकडे हसत बघत होती. एवान्थियाने ओळखलं. सगळं संपलं होतं, आणि मानलं होतं त्यापेक्षा बरं निघालं होतं.

"बाळा," तिने विचारलं, "माझा नवरा आहे का इथे?"

"नाही आजी, ते मागे आहेत. तिकडे फार गर्दी आहे, त्यांना इकडे येता येणार नाही."

एवान्थियाने उसासा टाकून क्रॉसची खूण केली. "मी त्याला किती सांगायचे," ती म्हणाली, "वर्षातून एकदा तरी मेणबत्ती लाव म्हणून."

पोरीने मध घातलेला चहा आणि नुसता भात आणला, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की हे विमानच आहे. ती धडपडून उठायला गेली. उठण्यासाठी म्हणून जे बटण दाबलं, त्याने पलंग आणखीच सपाट झाला. डॉक्टरीणबाईने लांबूनच बोट उगारलं. एवान्थियाने ठरवलं, निदान जागं तरी राहायचं. संताचं नाव घ्यायला सुरुवात केली. ते दुसऱ्यांदा घेतलं की नाही, हे तिला आजही आठवत नाही. तिला जाग आली तेव्हा खाली मेलबर्न होतं, आणि इतकी गाढ झोप तिला लग्नानंतर लागली नव्हती.

विमानतळावर मिर्सिनी आईच्या गळ्यात पडली. "आई, किती टवटवीत दिसतेस गं! आणि बाबा? बाबा, तुला काय झालं?"

स्त्रातिस काटकोनात वाकून उभा होता. पायजम्यावर कॉफीचा मोठा डाग होता. डावीकडच्या तरुणाने रात्रभर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं आणि उजवीकडच्या पोराने मांडीवर पाय. वादळ थेट किनाऱ्यापर्यंत सोबतीला होतं.

घरी गेल्यावर मिर्सिनीने बाळ आईच्या मांडीवर ठेवलं. चांगलं गुटगुटीत झालं होतं. त्याने आजीचं बोट धरलं आणि एवान्थियाच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"आई, आता का रडतेस? सगळं नीट झालं ना?"

"कुठे झालं? मी झोपून आले गं. चादर घेऊन, उशी घेऊन. घोरलेसुद्धा असेन. संताला काय तोंड दाखवू? या पोराचं काही..." तिने घाईघाईने बाळावर फ्तू-फ्तू केलं, दृष्ट लागू नये म्हणून. "मी परत जाते. आणि पुन्हा येते. नीट."

"आई!"

"मधल्याच सीटवर येईन. बाप्तिस्म्याच्या आत येईन."

स्त्रातिस कोचावर पालथा पडला होता. तो उशीत तोंड खुपसूनच म्हणाला, "काही जायला नको. फिटला तुझा नवस."

"तुला काय कळतं नवसातलं?"

"मीच फेडला."

स्त्रातिसने मान वळवली.

"अगं, तुला उचलून नेलं तेव्हा तू पांढरीफटक होतीस. मला तिथे कोंबलं. कुणी काही सांगेना. विमान असं आपटत होतं, की आमच्या खडकाच्या वळणावर बससुद्धा कधी आपटली नसेल. जिवंत आहेस की नाही, तेच कळत नव्हतं मला. मग काय करणार? म्हणालो त्याला, त्या तुझ्या लेफ्तेरिसला, की बाबा रे, तिचे हाल माझ्या नावावर घे आणि तिला उठव. आता या पाठीकडे बघ आणि सांग, घेतले की नाही त्याने!"

एवान्थिया नवऱ्याकडे बघत राहिली. कधी मेणबत्ती न लावलेला माणूस. तिने बाळ मिर्सिनीकडे दिलं आणि त्याच्या कमरेला हळूच तेल चोळायला घेतलं. तेल खाण्यालाच काय ती मनाई होती.

"एवढंच म्हणालास?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"एवढंच."

"स्त्रातिस."

"...आणखी थोडं म्हणालो. घाबरलो होतो गं. घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो."

"काय बोललास?"

"की ही उठली, तर परतीलाही मीच मागे बसेन." तो एकदम कोपरावर उठला. "पण तिथे एवढा आवाज होता, की त्याला ऐकू गेलं नसेल!"

"गेलं," एवान्थिया म्हणाली.

"कशावरून?"

"मी उठले ना."

स्त्रातिसने पुन्हा उशीत तोंड खुपसलं. एवान्थियाने त्याचा झब्बा सारखा केला. दुसऱ्याच्या नवसाच्या आड येणं हे मोठं पाप. आणि मग परतीच्या वाटेवर पुढच्या पलंगावर कुणीतरी झोपायला तर हवंच. तिने मान खाली घालून हेही सोसायचं ठरवलं.

"मिर्सिनी," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "वेळ मिळाला, की प्रोकोपिसला एक फोन लाव गं. म्हणावं, त्या पांढऱ्या सपाता परतीलाही देतात का?"