नाक्यावरचा झेंडा आणि चौतीस बरण्या

जगातला कोणताही झेंडा खाली उतरवायला एक माणूस आणि एक विळा पुरतो. तोच झेंडा पन्नास वर्षांनी लोकांना नुसता दाखवायचा म्हटला, तर समिती लागते. यात झेंड्याचा दोष नाही, आणि समितीचा तर नाहीच नाही. उतरवणं हे घाईचं काम आहे. दाखवणं हे विचाराचं.

भोकरदनच्या जुना नाका गल्लीतल्या पुंजारामला हे तत्त्व वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर तो साधा माणूस होता.

ते अठ्ठ्याण्णव साल. मराठवाडा निजामाच्या हातून सुटला त्याला सतरा सप्टेंबरला पन्नास वर्षं होत होती. जिल्हाभर समारंभ ठरत होते, आणि जुना नाका गल्ली मागे राहिली असती तर तिची इतिहासात काय किंमत राहिली असती? गल्लीला नाव पडलं तेच मुळी निजामाच्या करोडगिरी नाक्यावरून. वऱ्हाडातून येणाऱ्या मालावर तिथे जकात बसायची, आणि नाक्यावरच्या सागाच्या दांड्यावर संस्थानाचा झेंडा असायचा. तेव्हा गल्लीत सुवर्णमहोत्सव समिती स्थापन झाली. गल्लीत घरं चौतीस. समितीत सभासद एकवीस आणि उरलेली तेरा घरं विशेष निमंत्रित. (विरोध करायला बाहेर कोणी उरू नये, ही त्यामागची दूरदृष्टी.)

अध्यक्ष सर्जेराव. पिढीजात पाटील, आता आडतीचं दुकान. त्यांचे वडील निजामाच्या अमदानीत दर सणाला नाक्यावर जाऊन त्याच झेंड्याला वाकून सलाम करायचे, ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती आणि म्हणूनच कोणी बोलत नव्हतं. सचिव नरहरराव. तहसीलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या अक्षराला वळण होतं आणि मजकुराला तर कितीतरी वळणं होती.

समितीने दोन कामं हाती घेतली. मारुतीच्या सभामंडपात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं, आणि मंडपासमोर एक शिळा उभारून तिच्यावर गल्लीतल्या लढवय्यांची नावं कोरायची. पहिल्याच बैठकीत अकरा नावं निघाली. अकरापैकी चौघांना लढ्याच्या वेळी दात यायचे होते. पण दात येण्याआधी देशप्रेम येत नाही, असं कोणत्याही परिपत्रकात म्हटलेलं नाही. चौघांकडेही कागद होते.

पुंजारामकडे कागद नव्हता. मागे एकदा सरकारी फॉर्म आला होता, तेव्हा त्याने तो नरहररावांकडूनच भरून घेतला होता. ‘कारावासाचा कालावधी’ या रकान्यात पुंजारामने लिहायला सांगितलं, “चढायला लागला तेवढा.” फॉर्म परत आला नाही.

घडलं होतं ते थोडकंच. फौजा आल्याची बातमी लागली तशी नाक्यावरची शिपायांची टोळी पळाली. सतरा वर्षांचा पुंजाराम हरवलेली म्हैस हुडकत तिकडून चालला होता. नाका मोकळा, झेंडा एकटाच वर. पोरगा दांड्यावर चढला, विळ्याने दोरी तोडली, झेंडा काखेत मारून खाली आला. बघायला एक कुत्रं होतं. म्हैस दुसऱ्या दिवशी आपली आपण घरी आली.

एवढ्यासाठी नाव कोरावं असं त्याला पन्नास वर्षं कधी वाटलं नव्हतं. पण ती अकरा नावं मोठ्याने वाचली गेली आणि त्याला बसून राहवेना. तो उठला आणि म्हणाला, “मह्यापाशी कागद न्हाई. झेंडा हाय.”

सभा हरखली. प्रदर्शनासाठी तोवर जमलेल्या वस्तू म्हणजे हाली शिक्क्याची, म्हणजे निजामी रुपयांची, एक थैली (रिकामी), एक कंदील आणि नरहररावांच्या आजोबांचं उर्दू प्रमाणपत्र, जे कोणालाच वाचता येत नसल्यामुळे सगळ्यांना गौरवास्पद वाटत होतं. त्यात खुद्द निजामाचा झेंडा आला तर जालन्याची माणसं बघायला आली असती. ठरलं. झेंडा दाखवायचा, आणि झेंडा हाच पुरावा धरून पुंजारामचं नाव बारावं घ्यायचं.

तेवढ्यात सर्जेराव खाकरले.

त्यांचं म्हणणं असं की, ज्या झेंड्याखाली आपले बापजादे भरडले गेले, तोच आपण आपल्या हाताने मारुतीसमोर लावायचा? लोक काय म्हणतील? (सर्जेरावांचे बापजादे नेमके कोणत्या दिशेने भरडले गेले, हे विचारायची ती वेळ नव्हती.) झालं. गल्लीची दोन शकलं झाली. दाखवा म्हणणारे आणि झाका म्हणणारे एकमेकांच्या ओट्यावरून उठले. एका घरात सासू दाखवा पक्षाची आणि सून झाका पक्षाची निघाली, त्या घरात तीन दिवस भाजीत मीठ दोनदा पडलं.

नरहररावांनी मध्यममार्ग शोधले. झेंडा उलटा लावावा. पण त्याची सुलटी बाजू कोणती हे कोणाला ठाऊक नव्हतं. तोंड भिंतीकडे करून लावावा. पण मग भिंतीपलीकडच्या घरमालकाची हरकत. घडी घालून ठेवावा. मग त्यात आणि धोतरात फरक काय? पडद्यामागे ठेवावा आणि ज्यांना राग येणार नाही त्यांच्यापुरता पडदा सरकवावा, ही सूचना जवळजवळ मंजूर झाली होती. पण राग येणार नाही असं लिहून द्यायला कोणी तयार होईना. देशभक्तीचा प्रश्न होता.

शेवटी वरच्या कार्यालयाला विचारलं. उत्तर आलं की ध्वजाचं वर्णन पाठवा. तेव्हा उजेड पडला की इतकं भांडण होऊनही झेंडा अजून कोणी बघितलेलाच नाही. नरहररावांनी नऊ वृद्धांच्या साक्षी घेतल्या. झेंडा पिवळा होता म्हणणारे तीन. हिरवा, दोन. काळा, एक (यांना मोतीबिंदू आहे). मान वर करायची हिंमत नव्हती म्हणून रंग माहीत नाही, दोन. नवव्याने सांगितलं की तो झेंडा आपणच उतरवला. रंग मात्र पुंजारामला विचारा.

मग पुंजारामला सांगण्यात आलं की जा, झेंडा घेऊन ये.

पुंजाराम घरी आला आणि बायकोला, गोजरबाईला म्हणाला, “तो झेंडा कुठं ठुला?”

गोजरबाई त्या सालीच नांदायला आलेली होती. नवऱ्याने काखेतून काहीतरी काढून तिच्यापुढे टाकलं होतं, तेव्हा ती चुलीपुढे होती. ती आत्ताही चुलीपुढेच होती.

“पन्नास वर्सांत इचारलं का कधी?” ती म्हणाली. “तुम्ही आणलं तव्हा मला फडकं दिसलं. घट्ट इणीचं. मी लोणच्याच्या बरणीला बांधलं.”

“समदं?”

“एका बरणीला समदं कशाला लागतंय?”

पुढचं तिने भाकरी थापता थापता सांगितलं. त्या साली तिच्या लोणच्याला बुरशी आली नाही. दुसऱ्या सालीही नाही. गल्लीतल्या बायांनी हेरलं की गुण कैरीचा नाही, हाताचाही नाही, फडक्याचा आहे. आपल्याकडे ज्याचा गुण आला त्याचा तुकडा मागून न्यायची रीतच आहे. विरजण नेतात तसं. कोणाची सून नांदायला आली, कोणी वेगळं निघालं, की पहिल्या मृगाला गोजरबाईकडे येऊन वीतभर फडकं न्यायचं आणि आपल्या बरणीच्या तोंडाला बांधायचं. मधला गोल असलेला तुकडा तिने मानाचा म्हणून पाटलांच्या घरी, सर्जेरावांच्या आईला, चांगुणाबाईंना दिला होता.

(त्या गोलाबद्दल जुनी माणसं सांगतात की तो म्हणजे कुलचा, भाकरीचा शहरी भाऊ. कोणा अवलियाने निजामाच्या मूळपुरुषाला पिवळ्या फडक्यात बांधून कुलचे दिले आणि म्हणाला, तुझं राज्य होईल. म्हणून झेंडा पिवळा आणि मधे कुलचा. म्हणजे शिदोरीचं फडकं दांड्यावर चढलं, आणि पुंजारामने उतरवल्यावर पुन्हा स्वयंपाकघरात आलं. यात गोजरबाईचं काय चुकलं?)

पुंजाराम खोटं बोलण्यात कच्चा. पुढच्या बैठकीत त्याने जसंच्या तसं सांगितलं. झेंडा हाय, पण तो चौतीस घरांत बरण्यांवर हाय. एकेक तुकडा आणून द्या, मी जोडून दावतो.

दाखवा पक्षाने झाका पक्षाकडे बघितलं. पन्नास वर्षं, रोज, दोन्ही वेळा, प्रत्येकाने निजामाच्या झेंड्याखालची फोड चाखली होती. समिती स्थापन झाल्यापासून पहिल्यांदा एकमत झालं. नरहररावांनी जागेवरच ठराव क्रमांक चौदा लिहिला: जुन्या नाक्यावर कोणत्याही प्रकारचा ध्वज असल्याचे आढळून येत नाही. श्री. पुंजाराम यांचेकडील वस्त्र हे लोणच्याच्या बरणीचे फडके असून ते कोणत्याही राष्ट्राचा, संस्थानाचा अथवा पक्षाचा ध्वज नाही, असे ही सभा प्रमाणित करीत आहे.

पुंजारामने टोपी काढून हातात घेतली. मग नरहररावांना म्हणाला, “अण्णा, झेंडाच नव्हता, तर मंग आपण सुटलो कशातून?”

नरहररावांनी सांगितलं की हा मुद्दा विषयपत्रिकेत नाही. शिळेवर नावं अकराच राहतील.

त्या आठवड्यात गोजरबाईच्या परसदारी वर्दळ सुरू झाली. एकेक जण यायचा, इकडेतिकडे बघायचा आणि पदराखालून नाहीतर धोतराच्या सोग्यातून फडकं काढून द्यायचा. प्रत्येकाचं म्हणणं एकच: बाकी कोणाकडे नसेल, आमच्याच घरी कसं निघालं कोण जाणे. सर्जेराव स्वतः आले. उपरण्यात गुंडाळलेला तुकडा पुढे करून म्हणाले, “गोजरकाकू, हे आमच्या म्हतारीनं कव्हातरी नेल्तं. तुमचं तुम्हाला. गल्लीत बोलू नका बरं का.”

“मी कशाला बोलू?” गोजरबाई म्हणाली, आणि तो गोल सव्विसाव्या तुकड्यावर ठेवला.

तिचा स्वतःचा धरून एकतीस तुकडे जमले. (तीन घरच्या लेकींनी आपापला तुकडा सासरी नेला होता, एक मंठ्याला, एक राजूरला, एक जालन्याला.) तिने दोन दुपारी बसून ते गोधडीच्या टाक्याने जोडले. तीन भोकं सोडली तर झेंडा पुरा झाला. हिरव्या काठांना तेलाचा डाग, मध्ये पिवळं. त्यातलं निजामाचं पिवळं किती आणि हळदीचं किती, हे देवाला माहीत.

आता पुरावा हातात होता. पण ठराव आधीचा आणि झेंडा नंतरचा. नरहररावांच्या शास्त्रात मागून आलेल्या वस्तूला आधीचा ठराव मोडता येत नाही. पुंजाराम घडी काखेत घेऊन परत निघाला होता, तेवढ्यात दुसरं संकट उभं राहिलं. शिळेचं अनावरण करायचं, तर ती आधी झाकायला कापड हवं. भगवं आणलं, काहींनी विचारलं हेच का? निळं आणलं, दुसऱ्यांनी विचारलं तेच का? हिरव्याचं नाव कोणी काढेना. लाल युनियनचं, पांढरं शरण गेल्यासारखं. समारंभाला चार दिवस उरले आणि शिळा उघडीच. लोक येता-जाता नावं वाचत होते आणि कोणाला दात कधी आले याचा हिशेब करत होते.

नरहररावांनी ठराव क्रमांक चौदा पुन्हा वाचला. त्यांचे डोळे चमकले. अवघ्या गल्लीत असं एकच कापड होतं की जे कोणाचाही झेंडा नाही, हे सभेने लेखी प्रमाणित केलं होतं.

अशा रीतीने निजामाचा झेंडा मारुतीसमोर तीन दिवस, तीन रात्री, होमगार्डच्या पहाऱ्यात फडकला. हरकत एकही आली नाही.

सतरा तारखेला सर्जेरावांनी हार घातला आणि कापड ओढलं. ते येईना. गोजरबाईने बरणीला मारतात तशी गाठ मारली होती. पाहुणे घड्याळ बघू लागले, तसा पुंजारामने पुढे होऊन कमरेचा विळा दिला. सर्जेरावांनी दोरी तोडली. कापड खाली घसरलं आणि मोहरीचा, हिंगाचा वास मंडपभर पसरला. चौतीस घरांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि चौतीस घरांनी खाली बघितलं. फोटो जालन्याच्या पेपरात आला: सर्जेरावांच्या एका हातात विळा, दुसऱ्या हातात झेंडा. आता त्यांच्याकडेही पुरावा आहे.

शिळेवर अकरा नावं निघाली. त्यांच्या खाली, नरहररावांना झोप लागेना म्हणून त्यांनी पाथरवटाकडून मागाहून कोरून घेतलेली बारीक ओळ होती: ‘शिळा झाकण्याचे वस्त्र श्री. पुंजाराम यांनी आणले.’

पुंजारामने ती एकेक अक्षर बोटाने लावून वाचली. बराच वेळ वाचली.

“हे मात्र बराबर लिवलं,” तो म्हणाला.

त्या साली गल्लीतल्या एकतीस बरण्यांना बुरशी आली. पुढच्या मृगाला बाया परसदारी रांगेत उभ्या राहिल्या. गोजरबाईने टाके उसवले आणि जुन्या खुणेवरच फडकं कापून दिलं. मधला गोल पुन्हा मानाने पाटलाच्या घरी गेला.

वाचकहो, तुम्ही इथवर हसत आलात. पण लेकी सासरी जातात आणि त्यांच्याबरोबर फडकीही जातात; मंठ्याच्या लेकीने पुढे नणंदेला दिलं असेल, जालन्याच्या लेकीने पुण्याच्या जावेला. तुमच्याही घरी बरणी आहे. तिच्या तोंडाला आईच्या वेळचं पिवळं फडकं आहे, आणि ते हळदीने पिवळं झालं असं तुम्ही आजवर धरून चाललात. कोणी बघत नाही ना, हे बघून जरा उलटून पाहा. काठ हिरवा निघालाच, तर घाबरायचं काम नाही. ठराव क्रमांक चौदाची नक्कल नरहररावांकडे मिळते. नाव लिहायची जागा त्यांनी कोरी सोडली आहे.