उंच बैठक

आईच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन व्यवस्थित पार पडले. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले, "शनिवारी घरी न्या. पण त्याआधी संडासाचं भांडं बदला. आत्ताचं चालणार नाही." आणि हातात एक कागद ठेवला. त्यावर चार ओळी होत्या. पहिल्या दोन गोळ्यांच्या. तिसरी : 'घरी उंच बैठक आवश्यक.' चौथी : 'रोज थोडे चालावे.'

हा मुलगा म्हणजे एका मोठ्या कार्यालयातले अधीक्षक. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर बैठक या शब्दाचा त्यांच्याजवळ एकच अर्थ शिल्लक होता. बसायची जागा हा दुसरा अर्थ केव्हाच निर्लेखित झाला होता. डॉक्टरांसारख्या माणसालाही बैठकीचे महत्त्व कळते, हे वाचून त्यांना बरे वाटले. त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पहिली उच्चस्तरीय बैठक झाली. पत्नी आणि मुलगी हजर होत्या.

"आईंना फोन लावून विचारायचं का?" पत्नी म्हणाली.

"मुळीच नाही. वस्तू तिच्याच वापराची आहे. तिचा हितसंबंध गुंतलाय. निर्णय निःपक्षपाती राहणार नाही."

इतिवृत्तात 'संडास' शब्द बरा दिसत नाही, म्हणून 'सदर वस्तू' असे लिहायचे ठरले. एवढ्यात आमटी निवली आणि बैठक तहकूब झाली.

दुसरी बैठक मंगळवारी. विषय : निकष.

"मागच्या वेळी तुमच्या वहिनी आत जाऊन आल्या," पत्नी म्हणाली, "आणि बाहेर येऊन काहीच बोलल्या नाहीत. अक्षर नाही! या वेळी त्यांनी बोललं पाहिजे."

"आणि फोटोत छान दिसलं पाहिजे," मुलगी म्हणाली.

"तिथला फोटो कोण काढतं?"

"बाबा, तुम्ही कुठल्या जगात राहता?"

दोन्ही निकषांना पन्नास-पन्नास गुण मिळाले. माप घ्यायला आलेला प्लंबर दारात टेप गुंडाळत उभा होता. त्याने विचारले, "साहेब, बसणार कोण? त्यांना किती उंची लागेल?"

"तो मुद्दा विषयपत्रिकेवर नाही."

"पण बसणार तर—"

"पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढची, म्हणजे तिसरी बैठक बुधवारी दुकानातच झाली. काचेच्या पलीकडे, दागिन्यांवर सोडतात तसल्या दिव्यांखाली चाळीस भांडी ओळीने मांडली होती. कुटुंब एकेकाला वळसा घालून पाहू लागले. पत्नीने झाकणे उघडून मिटली. मुलीने फोटो काढले. अधीक्षकांनी कलिंगड पारखावे तसे बोटाच्या पेराने सगळ्यांवर टकटक केले.

"साहेब, बसून बघा ना," विक्रेता म्हणाला.

तिघांनी आजूबाजूला पाहिले. दुकानात आणखी चार कुटुंबे होती. खुर्ची घ्यायची असती, तर या सगळ्यांनी दहा खुर्च्यांवर बसून, हलून, रेलून पाहिले असते. इथे सगळे उभे होते.

"आम्ही पाहणी करायला आलोय," अधीक्षक करड्या आवाजात म्हणाले. "बसणी करायला नाही."

शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवून एक काळेभोर, अंड्याच्या आकाराचे, जमिनीला जवळजवळ चिकटलेले भांडे निवडले गेले. शुक्रवारी ते बसवताना प्लंबर दोनदा उकिडवा बसला, दोनदा उठला आणि म्हणाला, "साहेब, हे फार खाली आहे. म्हाताऱ्या माणसाला नाही जमायचं."

"लेखी द्या."

"मी पान्याने काम करतो, साहेब. पेनाने नाही."

लेखी हरकत न आल्यामुळे काम पूर्ण झाल्याची नोंद झाली.

शनिवारी आई वॉकर टेकत घरी आली आणि थेट आत गेली. बाहेर तिघे कान देऊन उभे राहिले. मग आवाज आला, "अरे बाळ्या, बसले मी कशीबशी. आता उठू कशी?"

"आजी, कडेचं बटण नको दाबूस," मुलगी म्हणाली. "त्याने गाणं लागतं."

गाणे लागले.

त्या गाण्यातच पत्नी आणि मुलगी आत शिरल्या आणि काखेत हात घालून आईला उभे केले. आई घामाने निथळत होती. खुर्चीत टेकल्यावर तिने तो कागद मागवला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले आणि मुलाकडे पाहिले.

"हे वाच."

"'उंच बैठक आवश्यक.' घेतली ना, आई! एक नाही, तीन घेतल्या. इतिवृत्त आहे, सह्या आहेत."

"अरे बैठक म्हणजे बूड टेकायची जागा! ती उंच हवी होती. तुमची मीटिंग नव्हे!"

अधीक्षकांनी कागद पुन्हा वाचला, उजेडात धरून वाचला. मग चौथी उच्चस्तरीय बैठक बोलावली. तीत असे आढळले की सदर वस्तूची निवड सर्व निकषांनुसार झाली आहे आणि तफावत फक्त गुडघ्यांत आहे. सबब, गुडघे फेरतपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवावेत.

तोवर आई दिवसातून तीनदा वॉकर घेऊन गल्लीच्या टोकाला प्लंबरच्या घरी जाते. त्याने भांडे घ्यायच्या आधी स्वतःच्या आईला दुकानात नेले होते. सगळ्यांच्या देखत तिला पाच भांड्यांवर बसवून, उठवून पाहिले होते. दुकानातले लोक हसले होते. अधीक्षकांना या जाण्यायेण्याचा आधी संकोच वाटला, पण चौथ्या ओळीची पूर्तता परस्पर होते हे लक्षात आल्यावर त्यांनी त्यापुढे बरोबरची खूण केली. वहिनीही येऊन गेल्या. भरभरून बोलल्या. बसल्या मात्र नाहीत.

आता तुम्हाला अधीक्षकांचे हसू येत असेल. येऊ दे. पण तुमच्या घरातले भांडे कुणी बसून निवडले होते, ते एकदा आठवून पाहा. आणि हे तुम्ही तिथेच बसून वाचत असाल, तर हात कुठेही न टेकता उठून दाखवा.

आज जमेल.