पामटॉपातले दोनशे बारा कर्णिक

नऊ छिद्रांचा प्लग.

डायनिंग टेबलावरून जमिनीपर्यंत लोंबणारी सोलापुरी चादर.

दोनशे बारा कर्णिक, पैकी एकशे एकोणचाळीस दिवंगत.

"हऱ्या, श्वास घेऊ नकोस!"

आता नीट सांगायचं तर, कर्णिकांचा कुळवृत्तांत सोमवारी छापखान्यात जायचा होता आणि सगळी नावं नौपाड्यातल्या हरिहररावांच्या तळहाताएवढ्या पामटॉपात होती. "कागद कसले जपता? माझ्याकडे सगळं डिजिटल आहे!" असं ते कुलसंमेलनात माइकवरून बोलून बसले होते. यंत्र २००२ सालचं. सेल काढले की मिनिटभरात त्याच्या पोटातलं सगळं पुसलं जायचं. म्हणून दर दोन महिन्यांनी हरिहरराव खोलीचं दार लावून, एकटेच, घाईघाईने सेल बदलत.

केबल लावायची जागा मात्र केव्हाच मोडली होती.

"म्युझियमला द्या बाबा," मुलगा साकेत म्हणाला.

मग डोंबिवलीचे गुरुदत्त आठवले. ऑफिसातले जुने मित्र. त्यांच्याकडे तसाच पामटॉप, केबलसकट. एका यंत्रातली नावं दुसऱ्यात अदृश्य किरणांनी जातात, फक्त दोन्ही समोरासमोर, अजिबात न हलवता धरायची. पण खिडकीतल्या उन्हाने किरण बुजायला लागले, म्हणून चादर सोडून दोन्ही पेन्शनर टेबलाखाली शिरले.

"भावजी, चहा आत देऊ की बाहेर येताय?" गुरुदत्तांच्या पत्नी कल्पितावहिनींनी वाकून विचारलं.

हरिहररावांचा हात हलला. एकशे साठाव्या कर्णिकापाशी गाडं अडलं. पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या खेपेला सगळे पोचले. गुरुदत्तांचं यंत्र आणि केबल घेऊन हरिहरराव घरी आले, तर केबलला नऊ छिद्रं आणि साकेतच्या नव्या कॉम्प्युटरला तसली जागाच नाही. मधली जोडणी मागवली. ती लावली, तर कॉम्प्युटर म्हणे, हे उपकरण ओळखत नाही.

"ओळखत नाही म्हणजे? वीस वर्षं वापरात आहे ते!"

"जुना कॉम्प्युटर लागेल बाबा. मित्राकडून रविवारी आणतो."

शनिवारी सगळे पेणला लग्नाला जाऊन आले. रविवारी साकेत जुना कॉम्प्युटर मांडून बसला. हरिहररावांनी एक पामटॉप चालू करून पाहिला. होईना. दुसरा. तोही नाही.

"अगं, कुणी हात लावला याला?"

"सेल काढून ठेवलेत मी," त्यांच्या पत्नी वासंतीबाई म्हणाल्या. "गावाला जाताना घड्याळ, रिमोट, सगळ्यातलेच काढते. सेल गळले की वस्तू कामातून जाते. हे घ्या, चारही."

हरिहररावांनी चारही सेल बसवून पाहिले, तर दोन्ही यंत्रं कोरी. "दोनशे बारा माणसं मारलीस तू!"

"एकशे एकोणचाळीस आधीच गेलेली," साकेत म्हणाला.

"एवढंच ना? लिही रे साकेत," वासंतीबाईंनी पदर खोचला. "मूळ पुरुष विश्राम. त्यांना तीन मुलगे..."

दुपारच्या चहापर्यंत दोनशे चौदा नावं झाली.

"दोन जास्त आहेत," हरिहरराव पुटपुटले.

२००२ च्या मे महिन्यात हरिहररावांनी ही नावं पामटॉपात टिपून घेतली, तेव्हा वासंतीबाई डाळिंब्या सोलता सोलता ती सांगत होत्या आणि हरिहररावांना दोनदा डुलकी लागली होती.