सोमवारची सुई

सोमवारी लक्ष्मीबाईंचं मौन असे. सकाळी पूजा झाली की मिटलेले ओठ संध्याकाळी देवापुढं दिवा लागल्यावरच उघडायचे. आणि नेमकं सोमवारीच तेरणेच्या काठावर त्यांच्या नवऱ्याच्या, गोरोबाच्या, पोटरीला कुत्रं चावलं.

सुईचं नाव काढलं की गोरोबा पांढराफटक पडायचा. हळद लावतो, मिरची भरतो म्हणत तो बाजेखाली सरकू लागला. लक्ष्मीबाईंनी साबणानं जखम खसाखसा धुतली आणि मनगट धरून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. कुत्रं पिसाळलेलं निघालं तर जिवाशी गाठ होती.

टेबलाशी शाहिस्ता सिस्टर होती, गावात नवीन. "कुणाला चावलं?"

लक्ष्मीबाईंचं बोट नवऱ्याकडं वळायच्या आत गोरोबा बोलला, "हिला. लई भ्यालीय, वाचाच बसली बघा."

लक्ष्मीबाईंनी जोरजोरात मान हलवली.

"नको म्हणतीया. तुमी टोचा, म्या धरतो."

त्यांनी त्याच्या पायजम्याकडं बोट दाखवलं. पायजमा तिनंच धुतलाय, तेच सांगतीया, असा गोरोबानं अर्थ लावला. रांगेतल्या धोंडीबाला मौनाचं ठाऊक होतं. पण असा तमाशा कोण मोडतो? सिस्टरनं सुई भरली. गोरोबानं बायकोचा दंड घट्ट धरून पुढं केला.

एक शब्द बोललं की सुटका होती. पण महादेवाला दिलेला शब्द मोडायचा कसा? आणि गप्प राहावं तर सुई भलत्याला, नवरा तसाच घरी. लक्ष्मीबाईंनी मनात महादेवाचं नाव घेतलं. मौनात बोलायचं नसतं. चावायचं नसतं, असं कुठल्याच पोथीत नाही. दंड धरलेल्या हाताला त्या कडकडून चावल्या.

गोरोबा केवढ्यानं तरी ओरडला. सिस्टर दोन पावलं मागं सरली, मग धीर करून पुढं आली.

"काका, कुत्रं काकूंना चावलं, काकू तुम्हाला चावल्या. आता आधी तुम्हालाच टोचते."

"आवं न्हाय वो, तिला कुत्रं चावलंच न्हाय," गोरोबा घाईघाईनं पायजमा वर करत म्हणाला, "ह्ये बघा, मला चावलंय."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. तोवर धोंडीबानं त्याला मागून धरलं होतं.

संध्याकाळी दिवा लागला. दिवसभराचं साचलेलं आता ऐकावं लागणार, म्हणून गोरोबा दंड चोळत खाली मान घालून बसला. लक्ष्मीबाईंनी हात जोडले, त्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि हळूच म्हणाल्या,

"पुढची सुई गुरुवारी हाय. गुरुवारी माझं मौन नसतं."