शेवंताला बघायला आले

टण्ण! दुपारच्या शांत घरात मांडणीवरचं झाकण आपणहून खाली पडलं, फरशीवर गोल गोल फिरलं आणि माझ्या मांडीवर नुकतीच डोळा लागलेली चार वर्षांची छबी टक्क जागी झाली! आता लिहायचं काही खरं नाही. म्हणून हे सगळं तुकड्यातुकड्यानं सांगतेय. भाताला कढ येईतो दोन ओळी, छबी अंगणात मुंग्या मोजतेय तोवर चार.

पण एक गोष्ट आधीच ठणकावून सांगते. पत्र लिहावं तर मीच! नवरा लष्करात, त्यामुळे मलकापूरचा पोस्टमन मला सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त ओळखतो. आळीतल्या निम्म्या बायकांची पत्रंही माझ्याच हातची. अंबूबाईच्या रुसलेल्या जावयाला मी असं पत्र लिहिलं, की तिसऱ्या दिवशी माणूस एस.टी.तून उतरून दारात हजर! तेव्हा मामंजींचं विमान विकायची वेळ आली, तेव्हा पत्र कोण लिहिणार हे विचारायचं कारणच नव्हतं.

हो, विमान! लोकांच्या सासऱ्यांकडे फटफटी असते, माझ्या सासऱ्यांकडे विमान होतं. दोन माणसांचं, हळदीसारखं पिवळंधमक. नाव शेवंता. मामंजी लढाईच्या काळात विमानदलात होते. परत आल्यावर काही वर्षांनी, छप्पन साली, त्यांनी एक मोडकं विमान घेऊन जोडलं, त्यावर पोरांना उडायला शिकवलं, आणि पुढं सातारा-सांगलीकडं उसावर कीड पडली की वरून औषध मारत फिरायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेवंताला सरळ सवत म्हणत. "माझ्या लुगड्याला ठिगाळ, अन् त्या भवानीला दरसाली नवा रंग!"

यंदा, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, डॉक्टरांनी मामंजींचे डोळे तपासले आणि त्यांचं उडणं बंद केलं. पाठोपाठ कराडच्या विमानतळावरची शेड महिनाअखेर रिकामी करा म्हणून चिठ्ठी आली. चांगला माणूस मिळाला नाही तर एकच गिऱ्हाईक तयार होतं, भंगारवाला ज्योतिबा. त्यानं येऊन शेवंताच्या पंखावर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं.

"आवं, हे तर कापाड हाय! आत लोखंड किती किलो निघंल?"

त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत.

तेवढ्यात पुण्याहून त्यांच्या एका जुन्या शिष्याचं कार्ड आलं. 'सांगलीच्या हळदवाल्या आप्पासोंच्या घरी विचारा, नक्की घेतील.' झालं! मी दौत-टाक घेऊन बसले, मामंजी शेजारी बसले.

"'विमान विकणे आहे,'" मी वाचून दाखवलं.

"विकणे? ती काय म्हस हाय, सूनबाई? 'द्यायची आहे' ल्हिवा."

"बरं. 'आमचे विमान...'"

"विमान कुणाचंबी असतंय. शेवंता ल्हिवा."

म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी तरारलेलं. मी म्हणतील तसं लिहीत गेले आणि वर माझी कलाकुसर केली. शेवटी पत्र झालं ते असं:

'आमची शेवंता आता चांगल्या घरी द्यायची आहे. वय अठरा. रंग पिवळा, बांधा सडपातळ, अंगानं हलकी. एकाच हाताखाली वाढलेली. दोनदा पडली, पण कसलंही व्यंग नाही. समक्ष येऊन बघावी, ही विनंती.'

वाचून मामंजींनी डोळे पुसले. मलाही भरून आलं. काय पत्र होतं!

आठवड्यात उत्तर आलं. 'पत्र वाचून घरातली समदी खूश. गुरुवारी बघायला येतो. देण्याघेण्याची चिंता करू नका. पसंत पडली तर नारळ देऊन घेऊन जाऊ.'

"नारळ देऊन?" मामंजी ताडकन उठले. "फुकट न्ह्यायला बसल्यात व्हय!"

"सांगलीकडची बोलायची रीत असेल," मी म्हटलं. मला वाटलं, आपल्या पत्राचाच गुण!

गुरुवारी दारात जीप थांबली. पांढऱ्याशुभ्र फेट्यातले आप्पासो उतरले, मागून जरीचं लुगडं नेसलेल्या बनाबाई, आणि त्यांच्या मागं एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा केलेला त्यांचा मुलगा कृष्णात. बनाबाईंच्या हातात पिशवी. पिशवीत पाच नारळ, हिरवा खण आणि पेढे! मी मनात म्हटलं, काय घरंदाज माणसं! विमान बघायलासुद्धा मोकळ्या हातानं येत नाहीत!

मी पोहे दिले. बनाबाई आतल्या दाराकडं मान उंच करकरून बघत होत्या.

"शेवंता कुठाय?"

"शेडात हाय," मामंजी म्हणाले.

"शेडात? घरात न्हाई ठेवत?"

"घरात कुठनं मावंल, ताईसाब!"

बनाबाईंचा पोह्याचा घास हातातच राहिला. आप्पासोंनी सावरून घेतलं. "अंगानं हलकी म्हनून ल्हिलंय की वो."

"हलकीच हाय. पर हात पसरलं की वीस हात जागा लागती."

बनाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं पोह्यातल्या शेंगदाण्याकडं बघितलं.

"शिकली किती?"

"तिला कोन शिकवतंय? तीच शिकवती! सतरा पोरं तिच्यावर शिकून गेली."

"बया! मास्तरीन हाय व्हय?" बनाबाईंचा चेहरा जरा उजळला. "मग सकाळी लवकर उठत असंल."

"त्येवढं सोडून बोला," मामंजी खुलले. लेकीच्या खोड्या सांगताना बाप खुलतो ना, अगदी तसे! "थंडीत लय कुरकुरती. तोंडाला धरून दोन-चारदा गर्रकन फिरवली की मगच उठती. पर एकदा उठली, की समद्या गावाला ऐकू जातंय!"

कृष्णातनं आल्यापासून पहिल्यांदा मान वर केली. मी मात्र आपली पोहे वाढत होते. मला सगळं स्वच्छ समजत होतं ना!

"अन् दोनदा पडली म्हंत्यात, ती कुठं?"

"येकदा मळ्यात. अन् येकदा तुमच्या सांगलीकडंच, उभ्या उसात! दोन दिस तितंच हुती. मग चार बैलं जोडून काढली."

"बैलं जोडून!" बनाबाईंनी ताटली खाली आदळली. "उठा आवं! असली पोरगी सून म्हनून नेली तर घराचा दरवाजा पाडावा लागंल!"

सून? माझ्या हातातून झारा पडला. पत्रातली एकेक ओळ डोळ्यांपुढून गेली आणि प्रत्येक ओळीला कानांच्या पाळ्या जास्त तापल्या. चांगल्या घरी द्यायची आहे... वय अठरा... बांधा सडपातळ... अगं बाई! अख्ख्या पत्रात विमान हा शब्द एकदाही नव्हता!

"सून कशाची? ते विमान आहे हो!" मी किंचाळलेच.

आत्याबाई तेवढ्या चुलीशी पदर तोंडात कोंबून हसत होत्या. आप्पासो फेटा सारखा करत उठले. त्यांचं तोंड बघून मामंजींचं तोंड उतरलं. मला डोळ्यांपुढं ज्योतिबाचा तराजू दिसायला लागला. माझ्या शहाणपणापायी शेवंता किलोवर जाणार!

"पिवळं विमान?" कृष्णात उभा राहिला. "उसावर औषध मारायला यायचं, ते? आमच्या मळ्यावरनं पार खालनं जायचं ते?"

"त्येच," मामंजी म्हणाले.

तो जो जीपकडं धावला, तो चपला न घालताच! विमानतळावर आम्ही जीपमधून उतरतोय तोवर गडी शेडीत शेवंताभोवती हळूहळू फिरत होता. पंखावर टिचकी मारली नाही. तळवा ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. मग खाली वाकून चाकं बघितली, तेल बघितलं.

मामंजींनी विचारलं, "उडवाया येतंय?"

"परवाना हाय."

"काय हाय?" बनाबाई म्हणाल्या.

कृष्णात शेवंताच्या शेपटीमागं सरकला. "आये, दर ऐतवारी पुन्याला हळदीची गिऱ्हाइकं बघाया जात हुतो न्हवं का... तवा विमान शिकत हुतो." पुण्याच्या शिष्यानं याच घराचं नाव का कळवलं, ते मला आत्ता उमगलं!

"दोन वरसं?" आप्पासो ओरडले. "अन् ती गिऱ्हाइकं?"

"गिऱ्हाइकं नव्हती."

आता इथं काय होणार म्हणून मी छबीला पोटाशी धरलं. पण बनाबाईंचं लक्ष पोराच्या तोंडाकडं होतं. अकरा मुली बघून एकदाही वर न बघणारा त्यांचा पोरगा लहान मुलासारखा हसत होता!

"पसंत हाय व्हय रं?"

"हाय, आये."

"मग ध्येनात ठेव. ही न्ह्यायची, तर वैशाखात माज्या पसंतीची दुसरी आनायची. हाय कबूल?"

"आत्ता आना!"

मामंजींनी मात्र तासभर त्याची उलटतपासणी घेतली. एकुलत्या लेकीच्या जावयालाही कुणी एवढं पिळलं नसेल! शेवटी आप्पासोंशी भाव ठरवून शेडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि ती सोडायला त्यांना जरा वेळच लागला.

रविवारी कृष्णात न्यायला आला. शेवंताच्या नाकाला हळदकुंकू आत्याबाईंनी लावलं, सवतीची ओटी भरली, नारळ मागच्या सीटला पट्ट्यानं बांधला आणि "धूर गेला डोळ्यांत" म्हणून तोंड फिरवलं. अजून तर यंत्र सुरूही झालं नव्हतं!

शेवंता कुरकुरत उठली, पळाली, कृष्णेवरून वळली आणि सांगलीच्या दिशेनं पिवळा ठिपका झाली. मामंजी डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. त्यांना ठिपका दिसतही नसणार, पण आवाज ऐकू येत होता. मग तोही थांबला. ते रिकाम्या शेडीच्या दारात एका पिंपावर बसले, धोतराच्या सोग्यानं हात पुसत राहिले. हाताला तेल लागलेलं नव्हतं.

मी त्यांच्याकडं जाणार, इतक्यात छबीनं माझा पदर ओढला.

"आई, आता आजोबांना बघायला कोण येणार?"